युद्धपटांमधला भाईचारा आणि पुरुषत्व : आवडीपासून संशोधन-प्रश्नापर्यंत



पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. ‘मला युद्धपटांमधल्या पुरुषत्वावर काम करायचंय.’ छान. पण हा झाला विषय. यात शोधायचं काय आहे?

मी हे शहाणपण शिकवतेय खरं, पण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक जवळपास हेच होतं. समितीतल्या एका सरांनी कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “युद्धपटात पुरुष मर्दासारखे वागतात. बरं मग?” मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली, म्हणून ठोकून दिलं, “सर, मी ते मोजणार आहे.” त्यावर दुसरा प्रश्न : “नक्की काय मोजणार?” माझ्याकडे दोन्हींची उत्तरं नव्हती.

आजचा लेख या दोन प्रश्नांवर आहे. ‘काय मोजणार?’ आणि ‘बरं मग?’ तुमचा विषय सिनेमा नसला तरी वाचा. हे दोन प्रश्न तुम्हालाही चुकणार नाहीत.

आधी एक केस पकडा

‘युद्धपट’ हा समुद्र आहे. त्यात उडी मारू नका, एक विहीर निवडा. मी इथे ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही मालिका घेते. एचबीओवर २००१ साली आली, एकूण १० भाग. निर्माते स्टीव्हन स्पिलबर्ग आणि टॉम हँक्स. आधार इतिहासकार स्टीफन अँब्रोझ यांच्या १९९२ सालच्या पुस्तकाचा. अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधली ‘ईझी कंपनी’ टोकोआच्या प्रशिक्षण छावणीपासून नॉर्मंडी, हॉलंड, बास्तोन्य करत थेट जर्मनी-ऑस्ट्रियापर्यंत कशी गेली, त्याची ही गोष्ट.

ही केस सोयीची का? एक तर ‘भाऊ’ हा शब्द शीर्षकातच आहे. दुसरं, मालिका खऱ्या माणसांवर आहे, त्यामुळे पडदा आणि नोंदी शेजारी-शेजारी ठेवून तपासता येतात. भागांच्या सुरुवातीला खरे, म्हातारे झालेले सैनिक कॅमेऱ्यासमोर बोलतात, पण त्यांची नावं शेवटच्या भागापर्यंत सांगितली जात नाहीत. म्हणजे नऊ भाग आपण ‘एक कंपनी’ ऐकत असतो आणि शेवटी ती ‘अमुक अमुक माणसं’ होतात. भाईचारा हा फक्त कथेत नसतो, मांडणीतही असतो, याचं हे साधं उदाहरण.

पुरुषत्व म्हणजे मर्दानगी नव्हे

पहिली संकल्पना : हेजिमॉनिक मॅस्क्युलिनिटी. मराठीत ‘धुरीण पुरुषत्व’ म्हणता येईल. समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांचं ‘मॅस्क्युलिनिटीज’ हे पुस्तक १९९५ चं. पुढे २००५ साली कॉनेल आणि जेम्स मेसरश्मिट यांनी या संकल्पनेची फेरतपासणी करणारा लेख लिहिला. मूळ मुद्दा असा : पुरुषत्व एक नसतं, अनेक असतात, आणि त्यांच्यात उतरंड असते. वरचं पुरुषत्व केवळ दंडुक्याच्या जोरावर वर राहत नाही. इतरांनी त्याला ‘हेच खरं’ अशी मान्यता दिलेली असते.

विद्यार्थी इथेच घसरतात. ‘धुरीण’ म्हणजे सगळ्यात राकट, असं समजतात. मालिका बघा. कॅप्टन सोबेल ओरडतो, शिक्षा देतो, सुट्ट्या रद्द करतो. पद त्याच्याकडे आहे, पण मान्यता नाही. इतकी नाही की हाताखालचे सार्जंट आपल्या पट्ट्या परत करायला निघतात. उलट विंटर्स फारसा ओरडत नाही, दारू पीत नाही, कमी बोलतो आणि हल्ल्यात सगळ्यांच्या पुढे असतो. मालिकेतलं धुरीण पुरुषत्व त्याचं आहे. सत्ता आणि धुरीणत्व यांतला फरक व्हायव्यात विचारला, तर सोबेल आणि विंटर्स एवढं आठवा.

दुसरी संकल्पना : होमोसोशल नातं. इव्ह कोसॉफ्स्की सेजविक यांचं ‘बिट्वीन मेन’ (१९८५) हे यातलं मूळ पुस्तक. पुरुषांमधली मैत्री, निष्ठा, स्पर्धा, जवळीक यांचा एक सलग पट्टा असतो आणि समाज त्या पट्ट्यावर मध्येच एक रेघ मारतो : इथपर्यंत ठीक, यापुढे नाही. युद्धपटांत ही रेघ बरीच पुढे सरकते. बास्तोन्यच्या बर्फात माणसं एकाच खड्ड्यात एकमेकांना चिकटून झोपतात. युजीन रो हा मेडिक कात्री, मॉर्फिन, बँडेज मागत खड्ड्याखड्ड्यातून फिरतो. घरात जे काम आई-आजीचं समजलं जातं, ते काम इथे पुरुष करतो आणि कोणाला त्यात काही कमीपणा वाटत नाही. तोफा पडत असतात म्हणून मिठी चालते. तीच मिठी गावच्या पारावर चालली असती का? हा प्रश्न सेजविक वाचल्यावर सुचतो, नुसती मालिका बघून नाही. संकल्पना लागतात त्या यासाठी.

भाईचाऱ्याचं समाजशास्त्र : इथे खरी गंमत आहे

आपल्या भाषेत भाऊबंदांवरून ‘भाऊबंदकी’ हा शब्द निघाला आणि त्याचा अर्थ झाला भांडण. पडद्यावरचा भाऊ मात्र रक्ताचा नसतो, खड्ड्यातला असतो. तो भाऊ आहे म्हणून सैनिक लढतो, हे आपण इतक्यांदा पाहिलंय की ते सिद्ध झालंय असंच वाटतं. सिद्ध झालंय का?

१९४८ साली एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ यांनी जर्मन सैन्यावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. जर्मन युद्धकैद्यांच्या मुलाखती त्याच्या मुळाशी होत्या. हरत असतानाही हे सैन्य टिकलं कसं? त्यांचं उत्तर : नाझी विचारसरणीपेक्षा छोट्या तुकडीतल्या आपुलकीमुळे. जोवर तुकडी जेवण, आधार आणि मान देत होती, तोवर माणूस लढत राहिला.

मग १९९१ साली इतिहासकार ओमर बार्टोव्ह यांनी ‘हिटलर्स आर्मी’मध्ये याला आव्हान दिलं. पूर्व आघाडीवर माणसं इतक्या वेगाने मरत होती की तुकड्या बनायच्या आणि संपायच्या. भाऊच उरले नव्हते, तरी सैन्य लढत होतं. म्हणजे कठोर शिस्त आणि विचारसरणी, दोन्ही हिशोबात धरायला हव्यात.

अमेरिकी बाजूला सॅम्युअल स्टाउफर आणि सहकाऱ्यांचं ‘द अमेरिकन सोल्जर’ (१९४९) आहे. पाच लाखांहून जास्त सैनिकांची सर्वेक्षणं त्यामागे आहेत. ‘लढत राहायला बळ कशाने येतं?’ यावर सैनिकांचं सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर ‘सोबत्यांसाठी’ हे नव्हतं. ते होतं : काम एकदाचं संपवावं आणि घरी जावं. सोबती त्यानंतर येतात.

इराक युद्धानंतर हा वाद पुन्हा पेटला. लिओनार्ड वाँग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली म्हटलं, सैनिक एकमेकांसाठी लढतात. रॉबर्ट मॅकून, एलिझाबेथ किअर आणि एरन बेल्किन यांनी २००६ साली उत्तर दिलं की दोन गोष्टींची गल्लत होतेय. एकमेकांवर प्रेम असणं म्हणजे सामाजिक एकजूट. एकाच कामासाठी बांधील असणं म्हणजे कार्य-एकजूट. कामगिरीशी जास्त जोडलेली दिसते ती दुसरी. लॅबमधलं उदाहरण घ्या. ज्याच्याशी तुमचं मुळीच पटत नाही, त्याच्याबरोबरही तुम्ही रात्री दोनला प्रयोग नीट पूर्ण करता की नाही? तसंच.

आता मालिकेकडे परत या. नवव्या भागात ईझी कंपनीला छळछावणी सापडते. दहाव्या भागात एक पराभूत जर्मन सेनानी आपल्या माणसांपुढे निरोपाचं भाषण करतो. तोही खड्ड्यांत एकत्र राहण्याविषयी आणि भावंडांसारख्या नात्याविषयीच बोलतो. अमेरिकी सैनिक गप्प उभे राहून ऐकतात, कारण ते शब्द त्यांचेच वाटतात. हा प्रसंग मला आजही पचत नाही, आणि संशोधक म्हणून तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. भाईचारा दोन्हीकडे असेल, तर युद्ध कशासाठी होतं हे भाईचारा सांगू शकत नाही. एक भाग आधी छळछावणी दाखवणारी मालिका इथे शिल्स-जॅनोविट्झच्या बाजूने उभी राहते. बार्टोव्ह त्या कुरणात कुठेच दिसत नाहीत. पडद्यावरचा प्रसंग असा एखाद्या जुन्या शास्त्रीय वादात बाजू घेतो. ती बाजू दाखवून देणं हे तुमचं काम.

एका घाबरलेल्या माणसाचं काय झालं?

तिसऱ्या भागाचा नायक आल्बर्ट ब्लाइद. तो घाबरतो. इतका की त्याची दृष्टी काही काळ जाते. विंटर्स त्याच्याशी हळुवार बोलतो. दुसरा अधिकारी स्पीअर्स वेगळाच उपाय सांगतो : आपण मेलोच आहोत असं धरून चाल. शेवटी ब्लाइद लढतो, गोळी चालवतो. पुढे एका टेहळणीत त्याला गोळी लागते. भागाच्या अखेरीस पडद्यावर मजकूर येतो की तो जखमांमधून बरा झालाच नाही आणि १९४८ साली वारला.

हे खरं नाही. खरा ब्लाइद बरा झाला, सैन्यातच राहिला, कोरियाच्या युद्धात गेला आणि १९६७ साली वारला. त्याच्यासोबत लढलेल्या काही जणांचीही तो गेला अशीच समजूत होती. म्हणजे कोणी मुद्दाम खोटं केलं असं म्हणायला जागा नाही. पण विचार करा, ही चूक सगळ्यांना खपली का? कारण ती गोष्टीत फिट बसते. घाबरलेला माणूस, मग धाडस, मग मरण. हिशोब पूर्ण. घाबरलेला माणूस, मग धाडस, मग पुढची वीसेक वर्षं इमानेइतबारे नोकरी, याची गोष्ट होत नाही.

आपल्याकडचं उदाहरण ‘बॉर्डर’ (१९९७). लोंगेवालाच्या खऱ्या लढाईत भारताचे दोन जवान शहीद झाले. सिनेमात तो आकडा कितीतरी मोठा वाटतो. सुनील शेट्टीने साकारलेला भैरोंसिंग पडद्यावर हौतात्म्य पत्करतो. खरे भैरोंसिंग राठोड लढाईतून जिवंत परतले, त्यांना सेना पदक मिळालं आणि ते २०२२ साली वारले. म्हणजे स्वतःच्या पडद्यावरच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

इथे घाई करू नका. दोन्ही उदाहरणं एका माळेत ओवण्याचा मोह होतो. एकीकडे माहितीची चूक आहे, दुसरीकडे पटकथेने जाणूनबुजून घेतलेलं स्वातंत्र्य. कारणं वेगळी, परिणाम सारखा : मृत्यू हा भाईचाऱ्याचा शिक्का ठरतो. ‘कारण वेगळं, परिणाम सारखा’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहायला धीर लागतो. पण ते लिहिलं की परीक्षकाचा पुढचा प्रश्न सोपा होतो.

काय मोजणार?

आता माझ्या जुन्या जखमेकडे. मी पहिलं कोडबुक केलं तेव्हा भाईचाऱ्याच्या खुणा लिहिल्या : मिठी, अश्रू, जखमीला उचलणं, घरचं पत्र वाचून दाखवणं. ‘बँड ऑफ ब्रदर्स’वर ते झकास चाललं. मग मी ‘जनरेशन किल’ (२००८, ७ भाग) लावली. इराकवरच्या २००३ च्या स्वारीतले मरीन्स, मूळ लेखन पत्रकार एव्हन राइट यांचं. माझा तक्ता जवळजवळ रिकामा. तिथे रडणं नाही, मिठ्या नाहीत. हमवीमध्ये बसलेली पोरं तासन्‌तास एकमेकांची उडवतात, अर्वाच्य बोलतात. माझ्या कोडबुकप्रमाणे त्यांच्यात भाईचारा नव्हताच!

खरं तर हॉस्टेलवर राहिलेल्या कोणालाही हे कळायला हवं होतं. जिवलग मित्राला आपल्याकडे शिवी घातल्याशिवाय हाक मारली जात नाही. मी भाईचारा मोजत नव्हते. एका मालिकेने भाईचारा दाखवायची जी पद्धत निवडली होती, ती मोजत होते. याला कार्यात्मक व्याख्येतला दोष म्हणतात. कोडबुक एका केसवरून बनवलंत तर दुसऱ्या, मुद्दाम वेगळ्या केसवर ते आधी मोडून बघा.

दुसरा धडा आकड्यांचा. समजा तुम्ही आणि मैत्रिणीने १०० प्रसंग स्वतंत्रपणे पाहिले. प्रश्न : ‘इथे पुरुषाची भीती उघड दाखवली आहे का?’ दोघींचं ‘हो’ ४ प्रसंगांत, दोघींचं ‘नाही’ ८६ मध्ये, मतभेद १० मध्ये (५ ठिकाणी तुम्ही एकट्या ‘हो’, ५ ठिकाणी ती). सहमती ९० टक्के! पेढे वाटावेसे वाटतात. थांबा.

भीतीचे प्रसंग मुळातच कमी आहेत, त्यामुळे डोळे मिटून ‘नाही’ म्हटलं तरी बरंच जुळेल. प्रत्येकीने ९ वेळा ‘हो’ आणि ९१ वेळा ‘नाही’ म्हटलंय. निव्वळ योगायोगाने जुळण्याचं प्रमाण : ०.०९ × ०.०९ अधिक ०.९१ × ०.९१, म्हणजे साधारण ०.८४. कोहेनचा कापा हा योगायोग वजा करतो : (०.९० − ०.८३६) भागिले (१ − ०.८३६), म्हणजे सुमारे ०.३९. नव्वद टक्क्यांची हवा गेली. अर्थ असा की भीती म्हणजे काय यावर तुम्हा दोघींचं अजून एकमत नाही. मग वाद घाला. थरथरणारे हात म्हणजे भीती की थंडी? विनोद म्हणजे धाडस की भीती लपवणं? हा वाद वेळेचा अपव्यय नाही, तुमच्या प्रबंधातलं एक प्रकरण तिथेच तयार होतं.

आणि प्रश्न? माझा आता असा आहे : ‘जो पुरुष भीती दाखवतो, त्याला गोष्ट भाऊ म्हणून परत घेते का, आणि कोणत्या अटींवर?’ पहिला अंदाज होता की माफी उधारीवर मिळत नाही, खात्यात आधीचं शौर्य जमा लागतं. सातव्या भागात दोन मित्रांचे पाय गेलेले पाहून बक कॉम्प्टन कोलमडतो, तेव्हा कोणी त्याला नावं ठेवत नाही, कारण तो आधी लढलेला आहे. वरून आलेला लेफ्टनंट डाइक फॉयच्या हल्ल्यात गोठतो, त्याला माफी नाही. अंदाज बरोबर? मग ब्लाइद आडवा येतो. त्याच्या खात्यात काही जमा नसताना विंटर्स त्याला जवळ करतो. अंदाज मोडला, आणि बरं झालं. जो अंदाज मोडूच शकत नाही, तो संशोधनाच्या कामाचा नाही.

बरं मग?

आता सरांचा प्रश्न. पडद्यावर कोण भाऊ ठरतो याने काय फरक पडतो?

अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. ट्रूमन यांचा भेदभाव संपवणारा आदेश १९४८ चा. त्याआधी मिश्र तुकड्यांविरुद्ध एक मुद्दा असायचा की एकजूट बिघडेल. समलिंगी सैनिकांनी ओळख लपवून राहावं, या १९९३ च्या धोरणामागेही एकजुटीचाच युक्तिवाद होता. ते धोरण २०११ साली संपलं. म्हणून तर मॅकून यांच्यासारख्यांना ‘एकजूट म्हणजे नक्की कोणती?’ हे विचारावं लागलं. शब्दांची फोड करणारा एक कोरडा लेख कोणाच्या तरी नोकरीचा प्रश्न होता.

आणि आपल्याकडे? लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम नियुक्तीचा खटला. सरकारी बाजूने मांडलेल्या मुद्द्यांत एक असा होता की जवान बहुतेक ग्रामीण भागातले आहेत, स्त्रीचा हुकूम मानायची त्यांची मनाची तयारी अजून नाही. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद लिंगभेदी साचा म्हणून नाकारला. नीट बघा : तो युक्तिवाद स्त्रियांच्या क्षमतेबद्दल जितका होता, तितकाच पुरुषांबद्दल होता. जवान काय स्वीकारतील, काय नाही, याचं एक चित्र गृहीत धरलेलं होतं. असं चित्र येतं कुठून, यातला सिनेमाचा वाटा किती, हे तपासण्याजोगं आहे. ‘सिनेमामुळे असं झालं’ असं मी म्हणत नाहीये, ते म्हणायला वेगळा पुरावा लागेल. पण ‘बरं मग?’ला आता माझ्याकडे उत्तर आहे.

या आठवड्यात एवढं करा

१. तुमच्या विषयातली एकच केस निवडा आणि तिचा एक भाग दोनदा बघा किंवा वाचा. पहिल्यांदा वही बंद ठेवून, दुसऱ्यांदा उघडी ठेवून.

२. त्यातला एक दावा मूळ नोंदींशी ताडून पाहा. ब्लाइदसारखं काहीतरी हमखास सापडतं.

३. पाच खुणांचं कोडबुक करा आणि अगदी वेगळ्या केसवर लावा. कुठे मोडलं ते लिहून ठेवा, लाजू नका.

४. मैत्रिणीकडून २० प्रसंग कोड करून घ्या. कापा काढा.

५. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. खाली स्वतःच्याच हाताने लिहा : ‘बरं मग?’ आणि उत्तर तीन ओळींत द्या.

पाचव्या पायरीला अडकलात तर घाबरू नका. मी वर्षभर अडकले होते. दुसऱ्यांदा समितीपुढे गेले तेव्हा त्याच सरांनी कागद वाचला, चष्मा काढला नाही. “मग तो ब्लाइद पुढे काय करत होता?” एवढंच विचारलं. मला माहीत होतं.